तारा चित्रात राहू द्या

तालुक्याच्या गावी जलरंगांचं प्रदर्शन भरलं की त्यात एक चित्र हमखास असतं. वाड्याचा उघडा दिंडी दरवाजा, आत अंगणात तुळशीवृंदावन, भिंतीला टेकवलेली सायकल, कौलांवरून उतरलेली उन्हाची तिरीप आणि दाराशी पाठमोरी, नऊवारीतली एक बाई. चित्र बहुतेक वेळा चांगलं जमलेलंही असतं. ऊन खरं वाटतं, सावलीतला निळा-जांभळा नेमका उतरलेला असतो. त्याच वाड्यासमोर प्रत्यक्ष जाऊन उभं राहावं, तर दाराच्या चौकटीवर वीजमीटरांची रांग दिसते, केबलच्या तारांचा गुंता दिसतो, तीन दुचाक्या, कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, गळक्या कौलांवर अंथरलेलं निळं प्लास्टिक आणि त्यामागे पाण्याची काळी टाकी. चित्रकाराने हे सगळं पाहिलेलं असतं. पाहूनच गाळलेलं असतं.

का गाळतो? कारण चित्र घेणारा बहुधा त्या वाड्यात राहत नसतो. तो कधीच गाव सोडून पुण्या-मुंबईच्या किंवा त्याहून लांबच्या एखाद्या फ्लॅटमध्ये गेलेला असतो आणि दिवाणखान्यात लावायला त्याला आजोळ हवं असतं. आजोळात केबलच्या तारा नसतात. पैसे तो मोजतो, त्यामुळे चित्रात काय राहायचं आणि काय जायचं हे न बोलता तोच ठरवतो. यात चित्रकाराला दोष देणं मला पटत नाही. त्याला घर चालवायचं असतं, आणि आर्चेस या परदेशी जलरंग कागदाचा एक ताव काय भावाला पडतो हे त्यालाच ठाऊक.

पण मग एक गोष्ट मान्य करावी लागते. गावातला जलरंग चित्रकार हा गावाच्या रोजच्या जगण्याची नोंद ठेवणारा माणूस आहे, असं आपण उद्घाटनाच्या भाषणात म्हणतो. ती नोंद आज मोठ्या प्रमाणावर खोटी आहे. ती खरी व्हायची असेल तर तिला वेगळा ग्राहक लागेल, तारांसकट चित्र मागणारा आणि त्याचे रोख पैसे देणारा. असा ग्राहक गाव स्वतःच होऊ शकतं, म्हणजे त्या गावची नगरपालिका. जुन्या गावांच्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या चित्रकारांकडून आजच्या गावाची चित्रं नेमाने काढून घ्यावीत, विकत घ्यावीत आणि सांभाळावीत, अशी माझी मागणी आहे. ती ऐकून हसू येईल याची कल्पना आहे. ज्यांच्या नळाला दोन दिवसांआड पाणी येतं त्या गावात चित्रांचं काय घेऊन बसलात, असंही कुणी विचारेल. त्याकडे येतोच.

आधी माध्यमाबद्दल थोडं. गाळणं हा जलरंगाचा स्वभावच आहे, असा बचाव चित्रकार मंडळी करतात आणि तो निम्मा खरा आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत. कागद कोरा सोडला की तोच पांढरा. त्यामुळे काय सोडायचं हे ठरवल्याशिवाय कुंचला ओला करण्यात अर्थ नसतो. शिवाय जागेवर बसून काढायचं तर ऊन तासाभरात सरकतं, सावल्या फिरतात, वॉश म्हणजे पातळ रंगाचा ओला थर वाळतो. सगळं टिपायला गेलं की चित्र चिखल होतं. हे सगळं कबूल. पण तार दाखवायला काय लागतं? चित्र वाळत आलं की रिगर ब्रशने, म्हणजे लांब केसांच्या बारीक कुंचल्याने, दोन लांब रेघा ओढायच्या. दुचाकी दाखवायला दोन गडद डाग आणि आरशावर सोडलेला कोरा ठिपका पुरतो. चांगल्या चित्रकाराला याला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि खरं सांगायचं तर तिरक्या तारांनी आकाश जसं बांधलं जातं तसं ते पक्ष्यांच्या त्या ठरावीक चार टिकल्यांनी कधीच बांधलं जात नाही. अडचण कौशल्याची नाही आणि माध्यमाचीही नाही. गिऱ्हाइकाची आहे.

गिऱ्हाईक बदललं की चित्र कसं बदलतं याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. १७९०च्या दशकात पुण्यात गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट नावाचा चित्रकार होता. ईस्ट इंडिया कंपनीचा पुणे दरबारातला रेसिडेंट म्हणजे वकील चार्ल्स मॅलेट आणि स्कॉटलंडहून आलेला चित्रकार जेम्स वेल्स यांच्यासाठी त्याने काम केलं. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा, तालमीतले मल्ल, वेरूळची लेणी असं बरंच त्याने कागदावर उतरवलं. देवदेवता आणि राजे रंगवण्याच्या काळात त्याने आपल्या शहरातलं डोळ्यासमोरचं काढलं, कारण त्याच्या मालकाला नेमकं तेच हवं होतं. आज गंगारामची चित्रं पाहायची तर अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहात जावं लागतं. मॅलेटला नोंद हवी होती म्हणून ती झाली. पैसे त्याचे होते म्हणून ती त्याच्याबरोबर गेली.

शनिवारवाड्याचंही तेच. १८२८च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या, तट आणि दरवाजे उरले. सवाई माधवरावांचा दरबार कसा दिसत असेल याची आपल्या डोळ्यांपुढची कल्पना मोठ्या अंशी थॉमस डॅनियलने १८०५मध्ये इंग्लंडात बसून केलेल्या तैलचित्रावरून आलेली आहे, आणि ते त्याने वेल्सच्या रेखाटनांवरून रंगवलं. वेल्स तोवर वारला होता. ज्या वाड्यावर पेशव्यांनी एवढा खर्च केला, त्याची नोंद परक्या वकिलाच्या हौशीतून राहिली. पेशव्यांच्या दफ्तरात तेला-तुपाचे हिशेब सापडतात. त्या तेलाचा दिवा ज्या कोनाड्यात तेवत होता तो कोनाडा कुणी काढून ठेवला नाही.

नंतरच्या पिढ्यांत आपले चित्रकार तयार झाले. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघालं, १८८८मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी. कोल्हापूरहून आलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसं जलरंगात इतक्या प्रकारांनी काढली की त्या काळचा पेहराव, पगड्या, चालण्याच्या ढबी शोधायला आजही तिथेच जावं लागतं. त्यांनाही पुस्तकं आणि पोस्टकार्डं छापणारं गिऱ्हाईक होतं. आणि त्याच कोल्हापूरचे आबालाल रहिमान अगदी दुसऱ्या टोकाचे. कोटितीर्थाच्या काठी राहून त्यांनी तेच पाणी, तीच झाडं, तोच काठ निरनिराळ्या उजेडात रंगवला. १९३१ साली ते गेले. शाहू महाराजांचा आश्रय होता तोवर त्यांच्या कामाला धनी होता. नंतर त्यातलं किती टिकलं आणि किती विखुरलं, हा कोल्हापूरकरांच्या हळहळीचा विषय आहे.

परदेशातला एक दाखला इथे द्यायला हवा, कारण माझी मागणी हवेतली नाही हे त्यावरून कळतं. १९४० साली, युद्ध ऐन भरात असताना, ब्रिटनमध्ये ‘रेकॉर्डिंग ब्रिटन’ नावाची योजना निघाली. केनेथ क्लार्क या कलाइतिहासकाराची ती कल्पना. बॉम्बहल्ल्यांत नाहीशी होऊ शकतील अशी गावं, गल्ल्या, गिरण्या, दुकानं जलरंगांत उतरवून ठेवायची, त्यासाठी चित्रकारांना मानधन द्यायचं. ९७ चित्रकारांनी दीड हजारांहून जास्त चित्रं केली आणि ती आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. कॅमेरा तेव्हाही होता, स्वस्त होता. तरी त्यांनी जलरंग निवडला. निम्मा हेतू चित्रकारांना काम मिळावं हा होता, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. त्या संग्रहावरची टीकाही मला तितकीच मोलाची वाटते: त्यातली बरीच चित्रं जुनी चर्चं, खानावळी, खेड्यातले पूल यांत रमली, कारखान्यांच्या वस्त्या, नवी घरं, गर्दी त्यांत कमीच आली. सरकारने पैसे दिले म्हणून तारा आपोआप चित्रात येत नाहीत. त्या मागाव्या लागतात.

आता फोटोचा आक्षेप. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना चित्र कशाला? २०२२मध्ये पुणे, नाशिक, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) या शहरांचे रस्ते गूगलवर दिसू लागले, त्यासाठी कॅमेऱ्याच्या गाड्या ते टिपत फिरल्या. इंचाइंचाची नोंद आहे की. आहे, आणि इमारतीची मापं हवी असतील तर ती आणि वास्तुविशारदाने घेतलेली मोजणी हेच खरं. जलरंगाने त्या भानगडीत पडू नये. पण गाडी तांबट आळीच्या बोळात शिरत नाही. शिरली असती तरी तिला ठोक्यांचा आवाज चालू असताना कोण कुठे बसलं आहे, कुठल्या ओट्यावर रोज सकाळी तीच दोन माणसं पेपर वाटून घेतात, हे कळलं नसतं. जागेवर दोन तास बसणाऱ्या चित्रकाराला ते कळतं, कारण त्या दोन तासांत निदान पाच जण त्याच्या खांद्यावरून डोकावून ‘ते पत्र्याचं दुकान राहिलं की हो’ असं सांगून जातात. फोटो काढणाऱ्याला असं कुणी सांगत नाही. तोवर तो पुढच्या गल्लीत गेलेला असतो. यंत्र सगळं सारखंच टिपतं. माणूस निवडतो, आणि त्या गावच्या माणसाला त्या काळात काय महत्त्वाचं वाटलं ही माहिती त्या निवडीतच असते. म्हणून तर निवड प्रामाणिक असायला हवी.

गंमत म्हणजे गूगल रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे धूसर करतं ते खासगीपणाच्या नियमासाठी. आपला चित्रकार करतो ते शैलीसाठी. हल्ली प्रात्यक्षिकांत शिकवतातच तसं: डोक्याचा एक ठिपका, खाली निमुळता डाग, झाला माणूस. पुण्यात मिलिंद मुळीकांसारख्या चित्रकारांच्या पुस्तकांनी आणि प्रात्यक्षिकांनी पुष्कळ हौशी लोक जलरंगाकडे वळले, ही फार चांगली गोष्ट झाली. रविवारी सकाळी घाटावर स्टँड लावून बसलेली तरुण मुलं दिसतात ती त्यातूनच. पण शिकाऊ हातात ती युक्ती गेली की बाजारातली भाजीवाली, हमाल, पोलीस, बुरख्यातली बाई आणि कॉलेजची पोरगी या सगळ्यांचा एकच डाग होतो. धुरंधरांच्या चित्रातला माणूस कुठल्या धंद्याचा हे पगडीवरून आणि उभं राहण्यावरून कळायचं. आपल्या चित्रांवरून शंभर वर्षांनी एवढंच कळेल की त्या काळी लोक सावलीत उभे राहत.

यापेक्षा अवघड प्रश्न आहे तो कुठल्या गल्ल्या रंगवल्या जातात हा. जुन्या गावाचं चित्र म्हटलं की पेठ, वाडा, घाट, देऊळ. वाईची चित्रं म्हणजे कृष्णेचे घाट आणि ढोल्या गणपती. नाशिकची म्हणजे रामकुंड, नारोशंकराचं देऊळ, सराफ बाजार. ही ठिकाणं सुंदर आहेत यात वाद नाही. पण त्याच गावात मोमीनपुरा असतो, वडारवाडी असते, भीमनगर असतं, नगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या चाळी असतात. घाटाचा दगड ज्यांनी घडवला त्यांची वस्ती घाटाच्या चित्रात येत नाही, आणि रोज पहाटे घाट झाडणारी बाई आलीच तर उजेडाला तोल द्यायला घातलेली केशरी ठिणगी म्हणून येते. जातीने आखून दिलेल्या गावाच्या नकाशावर आपले जलरंग मुकाट चालत आलेले आहेत. कुणी मुद्दाम केलं असं नाही. जिथे बसायला ओटा मिळतो, चहा मिळतो, जिथलं चित्र खपतं, तिथे चित्रकार बसतो. नोंदवहीत मात्र अर्धं गाव कोरं राहतं, आणि हा कोरेपणा जलरंगातल्या पांढऱ्यासारखा उजेड देणारा नाही.

खासगी बाजार हे कधीच दुरुस्त करणार नाही. भीमनगरातल्या नळावरच्या रांगेचं चित्र दिवाणखान्यासाठी घेणारा मला तरी माहीत नाही. नगरपालिकेला मात्र ते घ्यावं लागेल, कारण तिचं काम प्रभागवार चालतं. आपल्या प्रभागात रस्ता झाला नाही, दिवे लागले नाहीत म्हणून सभेत माइक ओढणारे नगरसेवक आपल्या प्रभागाचं चित्र का नाही म्हणूनही भांडतील. आपल्या लोकशाहीतल्या या भांडणाचा एवढा चांगला उपयोग दुसरा सुचत नाही.

मग नगरपालिकेचं हे कामच नव्हे, हा आक्षेप. १९९२च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. शहरी स्वराज्य संस्थांकडे सोपवता येतील अशा अठरा विषयांची ती यादी. त्यात पाणीपुरवठा, रस्ते, आग विझवणं यांच्याबरोबर सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं हाही एक विषय आहे. म्हणजे अधिकार शोधायला लांब जायला नको. पैसा? तो सौंदर्याच्या नावावर आजही खर्च होतोच. स्वच्छ सर्वेक्षणाचा मोसम आला की उड्डाणपुलांचे खांब, शाळांच्या कुंपणभिंती, सार्वजनिक शौचालयांच्या बाजू रंगवल्या जातात. बहुधा मोर असतो, वारली पद्धतीचे नाचणारे लोक असतात, हात जोडलेली एक बाई असते. ‘आय लव्ह’ आणि पुढे गावाचं नाव अशी माणूसभर उंचीची अक्षरं चौकात उभी राहतात, रात्री त्यात दिवे लागतात, पावसाळ्यानंतर एखादं अक्षर विझतं. या खर्चाचा लहानसा भाग वळवला तरी गावातल्या चार-पाच चित्रकारांना वर्षभराचं काम मिळेल. पाणी दोन दिवसांआडच येणार असेल तर त्या रांगेचं चित्र तरी असू दे. नाहीतर पुढच्या पिढीला ते पटणार नाही.

खरी भीती वेगळी आहे. ई-निविदा निघेल, सर्वांत कमी दराचा ठेकेदार एका आठवड्यात गूगलवरून उतरवलेली पन्नास ‘हेरिटेज पेंटिंग’ आणून टाकेल. किंवा एखादा अधिकारी म्हणेल, गटार दाखवू नका, मंत्रिमहोदय येणार आहेत. सरकारी आश्रयात चित्रकाराचा हात धरला जातो हे जगभर घडलेलं आहे. म्हणून नियम आधी कागदावर हवेत, आणि ते थोडेच असावेत. ठिकाणं एका छोट्या समितीने ठरवावीत. तिच्यात चित्रकार असावा, इतिहासाचा शिक्षक असावा आणि ज्या वस्तीचं चित्र व्हायचं तिथला माणूस असावा. ठिकाण ठरल्यावर चित्रात काय येईल यावर चित्रकाराखेरीज कुणाचाही शब्द चालू नये. दुरुस्तीची अट नाही, नेत्याची छबी नाही. काम जागेवर बसून व्हावं. मागे तारीख, वेळ, जागा, कुठल्या दिशेला तोंड करून काढलं ते आणि दिसणाऱ्या दुकानांची नावं लिहावीत. जिथे रस्ता रुंद होणार आहे, जिथल्या वाड्याला पुनर्विकासाची परवानगी मागितली आहे, ती जागा यादीत सर्वांत वर. मुंबईला १९९५पासून वारसा नियमावली आहे आणि तिने बऱ्याच इमारती वाचवल्या; पण नियमावली भिंत वाचवते, त्या भिंतीला टेकून बसणारा कल्हईवाला तिच्या कुठल्याच श्रेणीत बसत नाही.

‘चित्र काढून ठेवलं, आता पाडा’ अशी पळवाट यातून मिळेल का? मिळू शकते. पण वाड्यात राहणाऱ्यांची बाजू मी चित्रकारापेक्षा वरची मानतो. भाडं नाममात्र, मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरू छत गळत असताना बादल्या मांडून झोपतो. त्याने आमच्या चित्रासाठी तसंच राहावं असं म्हणायचा हक्क कुणालाही नाही. वाडा पडायचा तर पडेल. त्याआधी त्या बादल्यांसकट कुणीतरी तो बघितला होता एवढंच राहावं.

चित्रकारांच्या हक्कांबद्दल मात्र नगरपालिकांना शिकवावं लागेल, कारण आज चित्रस्पर्धांची रीत फार वाईट आहे. ‘स्पॉट पेंटिंग’ स्पर्धा ठेवायची, प्रमाणपत्र आणि स्मृतिचिन्ह द्यायचं, आणि माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरात लिहायचं की सर्व चित्रं आयोजकांकडे जमा राहतील. शंभर लोकांचं एक दिवसाचं काम फुकटात. १९५७चा कॉपीराइट कायदा तर सांगतो की स्वतःहून काढलेलं चित्र विकलं म्हणून त्याच्या छपाईचे हक्क आपोआप विकले जात नाहीत. ते लेखी दिल्याशिवाय चित्रकाराकडेच राहतात, त्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचे हक्क मात्र वेगळा करार नसेल तर काढून घेणाऱ्याकडे जातात, म्हणून करार आधी हवा. याच कायद्याच्या ५३-अ कलमात आणखी एक तरतूद आहे, जी चित्रकारांनाही फारशी माहीत नसते: मूळ चित्राची फेरविक्री दहा हजार रुपयांच्या वर गेली तर त्या किमतीत कलावंताला किंवा त्याच्या वारसाला वाटा मिळू शकतो, कमाल दहा टक्के. नगरपालिकेने चित्र घ्यावं, ते लोकांना दाखवण्याचा, शाळांच्या उपयोगासाठी छापण्याचा परवाना घ्यावा, कॅलेंडरचे पैसे चित्रकाराला द्यावेत.

सांभाळणं हे तर सर्वांत कमी बोललं जाणारं काम. जलरंग उजेडाने उडतो. रसेल आणि अ‍ॅबनी या दोघा इंग्रजांनी याचा सविस्तर अहवाल दिला त्यालाही १८८८ साल उजाडलं होतं, आणि आज संग्रहालयं जलरंगांवर ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत. आपल्याकडे विकत घेतलेलं चित्र मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात खिडकीसमोर लागतं, दोन वर्षांत त्यातला अलिझरिन क्रिमसनचा गुलाबी निघून जातो, पावसाळ्यात काचेला कागद चिकटतो, कोपऱ्यातून कसर शिरते. भिंतीवर छापील प्रत लावा. मूळ चित्र आम्लविरहित कागदात, सपाट, कपाटात. आणि स्कॅन दुसऱ्या गावी ठेवा. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतली किती कागदपत्रं, किती फोटो गेले, ते आठवून तरी.

लहान गावाला हे झेपत नाही असं म्हणणाऱ्यांनी औंधला जाऊन यावं. सातारा जिल्ह्यातलं हे छोटं संस्थान. तिथले बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८मध्ये टेकडीवर श्रीभवानी संग्रहालय उभं केलं, ज्यात राजा रविवर्म्यापासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत ऐवज आहे. संस्थान श्रीमंत नव्हतं, इच्छा होती. अर्थात राजाच्या इच्छेने एक संग्रह होतो. लोकांच्या पैशातून दरवर्षी वाढणारा संग्रह उभा राहायला सभेतला ठराव लागतो, आणि तो जास्त अवघड आहे.

आणि चित्रकार कुठून येणार? तो आहेच. बहुतेक जुन्या गावांत तो ड्रॉइंग मास्तर होता. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवायची, स्मरणचित्राच्या पेपरला ‘आठवडे बाजार’ नाहीतर ‘बसथांब्यावरील दृश्य’ काढून घ्यायचं, आणि रविवारी स्वतः घाटावर बसायचं. महाराष्ट्रातल्या चित्रकलेचं केवढं तरी ओझं या ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, झालेल्या मास्तरांनी वाहिलं. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने उच्च प्राथमिक शाळेत, तीही शंभरावर मुलं असतील तर, कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक सांगितला. निवृत्त झालेल्या मास्तराच्या जागा कितीतरी शाळांत रिकाम्याच राहिल्या. गावाला चित्रकार पुरवणारी ही व्यवस्था आपण मोडत आणली आणि आता गावाची चित्रं गुळगुळीत होत चालली म्हणून आपणच तक्रार करतो. नगरपालिकेच्या कामाने ही जागा पूर्ण भरणार नाही. पण चित्रकला शिकून गावातच राहायचं ठरवणाऱ्या पोराला निदान एक कारण मिळेल.

सुरुवात करायची तर नाशिकने करावी. दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो, त्याआधी घाटांची, रस्त्यांची, पुलांची कामं निघतात आणि पंचवटीचा चेहरा थोडा थोडा बदलत जातो. २०२७चा सिंहस्थही त्याला अपवाद नाही. शिवाजी तुपे यांच्यासारख्या नाशिककर जलरंगकारांनी गोदाघाट वर्षानुवर्षं रंगवला. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं यावरून पूर मोजणारं हे गाव, त्याला नोंदीचं महत्त्व सांगायला नको. सिंहस्थाच्या कोट्यवधींच्या आराखड्यात गावातल्या दहा चित्रकारांसाठी एक ओळ घालावी. तंबू उभे राहण्याआधी, गर्दीत आणि तंबू निघाल्यावर, असं तीनदा त्यांना त्याच जागांवर बसवावं. यादीत रामकुंड असेलच. पण त्यात साधुग्रामासाठी सपाट केलेली शेतं असावीत, बंदोबस्ताचे बांबू असावेत, फिरती शौचालयं असावीत, बाहेरगावाहून आणलेले सफाई कामगार रात्री जिथे झोपतात ती जागा असावी, आणि त्यांचे चेहरे ओळखू यावेत एवढे काढलेले असावेत, त्यांना विचारून.